सटाण्यात मोजलेली दहा बोटं

आधीच माफी मागतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. शाळा नववीत सुटली, तेव्हापासून ऱ्हस्व-दीर्घाची आणि माझी भेट नाही. भारी शब्दही मला येत नाहीत. पण आमच्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "काशिनाथ, तू मला जे सांगितलंस ना, ते तसंच्या तसं लिहून दे. बाहेर बाकावर पेशंट बसलेले असतात, हात ओढणीत नाहीतर खिशात लपवून. ते वाचतील." एकदा त्यांचं ऐकलं नव्हतं तर काय रामायण झालं ते तुम्ही पुढे वाचालच. दुसऱ्यांदा न ऐकायची माझी हिंमत नाही.

तर तुमचा नंबर येईपर्यंत ऐका. ह्या हातांनी मी काय काय करून ठेवलं, ते सांगायची मला अजून लाज वाटते. पण आता लिहायला बसलोय तर लिहितो.

गोष्ट दोन हजार सालाच्या आसपासची. मी सातपूरला एका कारखान्यात होतो. तिथं पॉवर प्रेसवर पत्र्याचे पार्ट निघायचे आणि माझं काम होतं ते पार्ट धुणं. आधी रॉकेलच्या टबात, मग साबणाच्या गरम पाण्यात. आठ तास हात ओले! दीड वर्षात हातांना इसब झाला. इसब म्हणजे थोडीशी खाज असं समजू नका. तळवे लाल, बोटांच्या पेरांवर चिरा, त्यातून पाणी. शर्टाचं बटण लावताना दात आवळायचे. भाकरी-ठेचा चमच्यानं खायचा. ठेचा चमच्यानं खाणारा माणूस पाहिलाय कधी?

उपाय सगळ्यांनी सांगितले. शेजारच्या काकूंनी लिंबू चोळायला सांगितलं. चोळलं. मला एवढं मोठ्यानं ओरडता येतं हे त्या दिवशी अख्ख्या चाळीला कळलं.

त्यात घरी लग्नाचं बघणं सुरू झालेलं. दोन ठिकाणांहून नकार आला. एका घरी तर मी चहाचा रिकामा कप द्यायला गेलो, तर मुलीचे काका म्हणाले, "असू द्या, तिथंच खाली ठेवा." कप कुणी हातात घेतला नाही. परत येताना मी बसमध्ये पूर्ण वाटभर हातांवर बसून आलो.

मग मामीनं मला इंदिरानगरला डॉक्टरीण बाईंकडं पाठवलं. त्यांनी पहिल्यांदा काय केलं सांगू? माझा हात आपल्या हातात घेतला. तसाच, उघडा. उलटा केला, सुलटा केला, आणि म्हणाल्या, "हे कुणाला लागत नाही बरं का. पण पटकन जातही नाही. सांभाळावं लागतं." मग सगळं समजावून सांगितलं. औषधाचं मलम पातळ लावायचं, बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढंच दोन्ही तळव्यांना पुरवायचं. रात्री वरून साधी चिकट पेट्रोलियम जेली थापायची आणि पांढरे सुती हातमोजे घालून झोपायचं. कामावर आत सुती, वर रबरी मोजे. हात धुतले की टिपायचे आणि लगेच जेली. सुपरवायझरला द्यायला चिठ्ठी लिहून दिली, की ह्याला कोरड्या कामावर घ्या. आणि शेवटी म्हणाल्या, "आणि लपवायचे नाहीत. कुणी विचारलं तर सरळ सांगायचं."

मी सगळं ऐकलं. शेवटचं सोडून. चिठ्ठीसुद्धा द्यायची लाज वाटली म्हणून वहीत ठेवून दिली.

तेवढ्यात मामानं सटाण्याचं स्थळ आणलं. माझे आई-वडील कळवणला, मी नाशकात मामाकडं राहायचो, म्हणून आधी मामानं मला घेऊन बघून यावं असं ठरलं. आमच्या मामाचा एक स्वभाव आहे. तो बोलायला लागला की खरं मागून धापा टाकत येतं. त्यानं मुलीच्या वडिलांना परस्पर सांगून टाकलं होतं, "पोरगा कंपनीत प्रेस चालवतो!"

मी म्हटलं, "मामा, मी प्रेस नाही चालवत. मी पार्ट धुतो."

"अरे प्रेसमधून निघालेलेच धुतोस ना? मग झालं तर!"

मुलीचा फोटो आला होता. नाव मंगल. फोटोत ती हसत नव्हती, पण हसू दाबून धरलंय असं वाटत होतं. तो फोटो मी वहीत ठेवला, त्याच चिठ्ठीशेजारी. आणि ठरवलं, काही झालं तरी ह्या घरी आपले हात दिसू द्यायचे नाहीत.

आता माझी अक्कल ऐका. मी म्हटलं, रात्रीचे पांढरे मोजे दिवसाच घालून गेलो तर? हात झाकलेले राहतील. आणि रात्रभर जेली लावून हात मऊ होतात, तर चार तासांच्या प्रवासात थोडे तरी होतीलच! म्हणून दोन्ही हातांना लिंबाएवढे जेलीचे गोळे थापले, वर मोजे चढवले आणि एसटीत बसलो.

"झकास!" मामा म्हणाला. "अगदी साहेब दिसतोस."

एप्रिल महिना. माझी सीट उन्हाची. पिंपळगाव जाईपर्यंत जेली पातळ झाली. चांदवडच्या पुढं ती मोज्यांतून झिरपायला लागली. देवळ्याला कंडक्टरनं तिकीट तपासायला मागितलं तर ते माझ्या मोज्याला असं चिकटलं की त्याला ओढून घ्यावं लागलं. त्यानं तिकिटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि आपली बोटं पँटला पुसली.

सटाण्याला मुलीचं घर मळ्यात. शेजारी कांदे साठवायची चाळ, कांद्याचा ढीग पडलेला. ओट्यावर तीन माणसं होती. मुलीचे वडील अण्णा, मुलीची आत्या, आणि अण्णांचे मोठे जावई. मुलगी आणि तिची आई आत स्वयंपाकघरात.

मी आधी वाकून अण्णांच्या पाया पडलो. दोन्ही पायांवर माझे पंजे उमटले, चकचकीत! अण्णा "या, या, बसा" म्हणत वळले, आणि शहाबादी फरशीवर त्यांचा पाय जो सुर्रकन पुढं गेला! जावईबापूंनी काखेत धरलं म्हणून वाचले.

आत्याची नजर माझ्या हातांवर खिळली. तिनं अहिराणीत विचारलं, "भाऊ, हातमा काय घालेल शे?"

मी मामाकडं पाहिलं. मामा तयारच होता. "कंपनीचा नियम आहे आत्याबाई! प्रेसवरच्या कारागिराचे हात म्हणजे कंपनीची मालमत्ता. सुट्टीतसुद्धा जपावे लागतात."

'प्रेस' म्हटल्याबरोबर तिघांनी एकमेकांकडं असं पाहिलं, की मला वाटलं मामानं काही शिवी-बिवी दिली की काय.

मला तेव्हा माहीत नव्हतं, तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. जावईबापूसुद्धा अंबडला प्रेसवर होते. प्रेसवर बोटं जातात. त्यांच्या उजव्या हाताची दोन गेलेली. पण मुलगी बघायला आले तेव्हा त्यांनी हाताला रुमाल गुंडाळला होता आणि "जरा लागलंय" म्हणून सांगितलं होतं. लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्यावर रुमाल सुटला! तेव्हापासून त्या घराचा नेमच होता. कंपनीतला मुलगा आला की आधी बोटं मोजायची, मग पुढचं बोलणं. आणि त्यांच्यासमोर मी बसलो होतो, प्रेसवरचा म्हणून आलेला, दोन्ही हात झाकून!

पाणी आलं. स्टीलचा तांब्या-पेला. पेला मी धरला आणि तो साबणाच्या वडीसारखा वर उडाला. पाणी मामाच्या टोपीवर. मी "माफ करा, माफ करा" म्हणतोय तोवर पोह्यांची ताटली आली. ती मी दोन्ही हातांनी घट्ट धरली. जितकी घट्ट धरावी तितकी ती पुढं सरकायची! शेवटी निघालीच, आणि पोहे, शेंगदाणे, लिंबाची फोड, सगळं आत्याच्या मांडीवर.

आत्यानं मांडीवरचा शेंगदाणा उचलला आणि अण्णांना म्हणाली, "यास्ना हातमा जीवच नही शे!"

जावईबापू उठले. "चला पाहुणे, हात-पाय धुवा," म्हणून मला बाहेर हौदाकडं घेऊन गेले. तिथं त्यांनी हळूच विचारलं, "किती गेली?"

"काय किती गेली?"

"बोटं हो."

"एकही नाही."

"मीही हेच म्हणालो होतो." त्यांनी आपला तीन बोटांचा पंजा माझ्यापुढं धरला. "हे बघ. चार महिने बायको बोलत नव्हती. खरं सांगून टाक, मी अण्णांना समजावतो."

"दाजी, देवाशपथ दहा आहेत."

"मग काढ मोजे."

आता? मोजे काढले तर ते फाटलेले लाल हात दिसणार. मला त्या काकांचा आवाज ऐकू आला, 'तिथंच खाली ठेवा.' मी मान खाली घातली.

जावईबापूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. इतक्या मायेनं, की मला रडूच येईल असं वाटलं. "समजलं," ते म्हणाले. "काळजी करू नको."

आम्ही ओट्यावर परतलो आणि ते अण्णांच्या कानात म्हणाले, "दोन-तीन असतील." अण्णांनी आत्याकडं तीन बोटं केली. आत्यानं आत जाऊन चार सांगितली. आणि स्वयंपाकघरातून मुलीच्या आईचा आवाज आला, "अगं बाई! अख्खा पंजा?"

अहो, पाच मिनिटांपूर्वी मला दहा बोटं होती! आणखी थोडा वेळ गेला असता तर मला खांद्यापासूनच हात उरला नसता.

मामाला काय चाललंय ते कळलं आणि तो ताडकन उठला. "काय बोलता! पंजा नाही? अहो, आमचा पोरगा एका बुक्कीत कांदा फोडतो! आणा कांदा!"

मी म्हटलं, "मामा, नको."

"काश्या, इज्जतीचा सवाल आहे!"

चाळीतून चांगला मुठीएवढा कांदा आला. पाटावर ठेवला. सगळे वाकून बघायला लागले. मी डोळे मिटले आणि मारली बुक्की. अर्धा कांदा फुटला आणि उरलेला अर्धा जेलीवरून जो सटकला तो थेट मामाच्या हनुवटीवर! ते परवडलं. पण कांद्याचा रस मोज्यातून आत गेला. चिरा पडलेल्या हातात कांद्याचा रस! लिंबाच्या वेळी मी ओरडलो होतो. इथं ओरडायची सोय नव्हती. मी ओठ दाबून बसलो आणि डोळ्यांतून नुसत्या धारा.

"रडी राह्यना बिचारा," आत्या म्हणाली. तिचाही पदर डोळ्याला.

अण्णांनी पुढं होऊन माझा मोजा दाबून पाहिला. आतून पचपच आवाज आला. त्यांचं तोंड एवढंसं झालं. "ह्यात तर कापूस हाय. ओला कापूस भरलाय."

मग ते खाली बसले आणि शांतपणे बोलले. "पावनं, ह्या आमच्या जावयानंही लपवलं होतं. माणूस सोन्यासारखा निघाला म्हणून आम्ही ते पोटात घातलं. पण दुसऱ्यांदा नाय. बोटं गेली ह्याचं मला काय बी नाय, कामावर जातात कधी कधी. पण लपवलं ह्याचं लय हाय." आणि आत हाक मारली, "मंगल, चहा राहू दे. पावनं निघाले."

विचार करा! दोनदा नकार आला तो असलेल्या रोगापायी. हा तिसरा येत होता तो नसलेल्या रोगापायी! आणि मी हात आणखीच मांडीखाली सारले.

तेवढ्यात मंगल चहाचा ट्रे घेऊन बाहेर आलीच. राहू दे म्हटलं होतं तरी आली. ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "अण्णा, सगळे अंदाजच लावताय. आधी मोजून तर घ्या." मग माझ्याकडं बघून, "काढता का मोजे, की मी ओढू?"

मी काढले. म्हणजे काढायला गेलो. जेलीनं चिकटलेले ते, 'फच्च' करून आले एकदाचे. दोन्ही हात पुढं केले. लाल, सुजलेले, चिरा पडलेले, वरून तेलकट आणि कांद्याच्या वासाचे. मी डोळे मिटून घेतले आणि 'तिथंच खाली ठेवा'ची वाट बघत बसलो.

तर माझा हात कुणीतरी धरला. अण्णांनी! उघड्या हातानं. एक एक बोट धरून ते मोजत होते.

"एक... दोन... तीन..." पाचाला त्यांचा आवाज चढला. दुसरा हात. "आठ... नऊ... दहा! अगं, दहा हायेत!"

"दहा?" आतून मुलीची आई धावत आली. "बघू!" तिनं मोजली. जावईबापूंनी मोजली. आत्याला खरं वाटेना, तिनं प्रत्येक बोट ओढून पाहिलं, खोटं बसवलंय का म्हणून.

"दहाच्या दहा! साखर आणा!"

सगळे हसताहेत आणि मी वेड्यासारखा बघतोय. कुणी इसबाबद्दल बोलतच नाही! शेवटी मीच म्हटलं, "अहो, पण नीट बघा ना. हात खराब आहेत माझे. इसब आहे. दीड वर्ष झालं. खाजतं, फाटतं, पाणी येतं..."

"पण दहा हायेत ना!" अण्णा म्हणाले.

"थंडीत जास्त होतं..."

"होऊ द्या की."

त्यांनी मला पसंत करावं म्हणून गेलो होतो, आणि आता मीच त्यांना माझा दोष पटवून देत होतो आणि तो कुणाला पटत नव्हता! आत्यानं एवढंच विचारलं, "हाई लागस का कोन्हले?" मी डॉक्टरीण बाईंचं वाक्य पाठ म्हटलं, लागत नाही, कुणालाच नाही. मुलीची आई म्हणाली, "आमच्या चाळीत कांदा निवडणाऱ्या बायांचे हात बघा एकदा. असेच होतात. त्यात लपवण्यासारखं काय?"

काय होतं?

जावईबापू मात्र जरा हिरमुसले होते. "एकही नाही?" ते पुन्हा म्हणाले. "मला वाटलं होतं, ह्या घरात जोडीदार मिळाला."

अण्णा खूश होऊन मामाला म्हणाले, "प्रेसवर राहून दहाच्या दहा! काय कारागीर म्हणायचा!"

मामा फुलला. पण मला राहवेना. आता हात उघडे पडलेच होते, तर म्हटलं, जाऊ दे सगळंच. "अण्णा, मी प्रेसवर नाही. मामा खोटं बोलला नाही, त्याच्या तोंडून निघून गेलं. मी नुसते पार्ट धुतो. रॉकेलनं आणि साबणानं."

मामानं ओली टोपी डोळ्यांवर ओढली.

आत्याच पहिल्यांदा बोलली. "म्हंजे धुयानं काम येस यास्ले! मग चांगलंच शे ना!"

मी घाईघाईनं म्हटलं, "येतं, पण आता डॉक्टरांनी धुवायला बंदी केलीय. साबण, पाणी, भांडी, सगळं. मोजे घातल्याशिवाय नाही."

तेव्हा मंगल हसली. फोटोत दाबून धरलेलं ते हसू होतं ना, तेच. "बघा माझं नशीब!" ती म्हणाली. "धुणं येणारा नवरा मिळतोय, तोही नेमकी धुवायची बंदी झाल्यावर!"

सगळा ओटा हसला. मीही. दीड वर्षात पहिल्यांदा हात मांडीवर उघडे ठेवून हसलो. मग तिनं चहाचा कप माझ्या हातात दिला. अर्धा सांडून, अर्धा पिऊन झाल्यावर रिकामा कप तिनं माझ्या हातून परत घेतला, हातातून हातात. तेवढ्याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी आधी इंदिरानगर गाठलं. डॉक्टरीण बाईंना सगळं सांगितलं. त्या चष्मा काढून हसल्या, मग चष्मा लावून हात पाहिले आणि रागावल्या. "कांद्यानं पंधरा दिवस मागं नेलंस! आणि जेली लिंबाएवढी? कुणी सांगितलं होतं? सुपरवायझरला चिठ्ठी दिलीस?"

चिठ्ठी अजून वहीतच होती. (ती त्याच दुपारी दिली, म्हणून आज पॅकिंगला आहे.)

"बाई," मी म्हटलं, "भांडी घासायचीच असतील तर?"

त्यांनी कागद ओढून लिहून दिलं. आत सुती, वर रबरी. पाणी कोमट. एका वेळी वीस मिनिटं. आतला मोजा ओला झाला की लगेच बदलायचा.

येताना मी दोन्ही जोड घेतले आणि घरी येऊन सराव म्हणून मामीची सकाळची सगळी भांडी घासायला बसलो. रबरी मोजे नवे, हाताला सवय नाही. तिसराच कप निसटला आणि मोरीत फुटला.

सटाण्याची हकीगत मामानं मामीला तिखट-मीठ लावून सांगून ठेवलेली होती. ती आतूनच ओरडली, "काश्या! काय फुटलं रे?"

"कप!"

"आणि बोटं?"

मी मोजे काढले आणि मोजली.

"दहा!"